दूध संकलनाच्या प्रोग्रॅमच्या टेंप फाईली: कधी पुसायच्या, कुठे ठेवायच्या?

अश्विनी_शिराळा

नमस्कार मंडळी,

शिराळा-वाळवा भागातल्या काही दूध संस्थांचं संकलनाचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. मूळ प्रोग्रॅम ज्याने लिहिला तो आता या धंद्यात नाही, त्यामुळे त्याला विचारायची सोय नाही. पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम, नोंदींना एसक्यूलाइट डेटाबेस, आणि संस्थेच्या टेबलावर डेबियन लिनक्सचा एक छोटा डबा, म्हणजे कॉम्प्युटर, एवढाच संसार.

काम कसं चालतं ते आधी सांगते, नाहीतर प्रश्न कळणार नाही. सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या. सभासद कॅन घेऊन येतो, दूध काट्यावर जातं, वजन येतं. त्यातलंच थोडं नमुन्याला काढून अ‍ॅनालायझरला लावतात, तो फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) देतो. एका नमुन्याला त्याला अर्धा-पाऊण मिनिट लागतं आणि रांग काही थांबत नाही. म्हणजे ११३ नंबरचा नमुना मशीनमध्ये असतानाच ११४ चं दूध काट्यावर चढलेलं असतं.

प्रोग्रॅम दोन आहेत. एकाला आम्ही 'वाचक' म्हणतो. तो सिरियल पोर्टवरून अ‍ॅनालायझरचे आकडे घेतो आणि स्लॅश-टेंपमधल्या (सिस्टमची तात्पुरत्या फाईलींची जागा) एका फोल्डरात 'चालू.जेसन' नावाच्या फाईलीत लिहितो. दुसरी 'खिडकी', म्हणजे ऑपरेटरसमोर असते ती. ती या फाईलीवर नजर ठेवून असते, फाईल बदलली की फॅट उचलते, वजनाला जोडते, पावती छापते आणि नोंद डेटाबेसात टाकते. पाळी बंद केली की अख्खा फोल्डर साफ.

रोग असा की मधूनच कधीतरी ११४ च्या पावतीवर ११३ चा फॅट येतो. दोघांच्या गायी असतील तर कुणाच्या लक्षातही येत नाही, ३.६ च्या जागी ३.८ आलं तर कोण बघतंय. पण ११३ ची गाय आणि ११४ ची म्हैस असली की ६.८ च्या जागी ३.८ छापलं जातं आणि म्हैसवाला गप्प बसत नाही. बसूही नये, लिटरमागे पैसे जातात त्याचे.

पण तो बोलतो कधी? पावती खिशात जाते. दहा दिवसांचं बिल हातात आलं की मग सगळ्या पावत्या बाहेर निघतात. मला फोन येईपर्यंत त्या पाळीची एकही फाईल शिल्लक नसते. डेटाबेसात दिसतो तो फक्त चुकलेला आकडा. तो कसा चुकला याचा मागमूस नाही. ऑफिसात कितीही नमुने फिरवले तरी एकदाही चुकत नाही.

पाळीअखेर फाईली पुसणारी ओळ मी काढून बघितली. दोन अडचणी आल्या. एक म्हणजे लाईट गेली की फोल्डर तसाही रिकामा होतो (दिवाळीत डबे डेबियन १३ वर नेलेत). दुसरी जास्त त्रासाची: लाईट न जाता रात्र गेली तर सकाळी खिडकी उघडताना कालची शेवटची चालू.जेसन तिथेच असते. पहिल्या सभासदाला कालचा फॅट लागला तर सचिव मला दारात उभं करणार नाहीत.

तर फाईली ठेवायच्या कशा, कुठे आणि किती दिवस? डबा लहान आहे, डिस्क भरून सकाळी साडेपाचला प्रोग्रॅम बंद पडलेला मला परवडणार नाही.

---

पक्याभाऊ

फाईली कशाला सांभाळताय? लॉग टाका ना. प्रत्येक नमुन्याला एक ओळ. विषय संपला.

---

अश्विनी_शिराळा

पक्याभाऊ, लॉग आहे. त्यात लिहिलंय '११४, फॅट ३.८'. खिडकीला जे वाटलं तेच ती लॉगमध्ये लिहिते. तिला असं का वाटलं ते मला हवंय.

---

जुना_युनिक्सवाला

अश्विनीताई, मुद्दा नेमका पकडलात. प्रोग्रॅमने काय ठरवलं ते लॉग सांगतो. त्या क्षणी त्याच्यासमोर काय होतं ते स्टेट फाईल सांगते. दुसरं हातात नसेल तर पहिल्यावरून नुसते अंदाज बांधायचे.

आधी तुमच्या लाईटच्या अडचणीचं बघू. रीस्टार्टनंतर स्लॅश-टेंप रिकामं होणं डेबियनवर जुनंच आहे. पण १३ पासून, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ट्रिक्सीपासून, स्लॅश-टेंप मुळातच रॅममध्ये असतं. टेंपएफएस म्हणतात त्याला. डिस्कवर काही लिहिलंच जात नाही, त्यामुळे डबा उघडून डिस्क बाहेर काढून बघितलीत तरी हाती काही लागणार नाही. शिवाय ते निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकतं, म्हणजे तिथे साठवत बसलात तर तुमची भीती डिस्कऐवजी रॅमच्या बाबतीत खरी होईल. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवाल्यांनी हाच बदल २०१३ च्या सुरुवातीला, १८ नंबरच्या आवृत्तीत केला होता, तेव्हाही भरपूर आरडाओरड झाली होती. डेबियन नेहमीप्रमाणे निवांत आलं.

आता तुम्हाला कुणीतरी सांगेल की व्हार-टेंप (तात्पुरत्या फाईलींचीच दुसरी जागा) वापरा, ते रीस्टार्टमध्ये टिकतं. टिकतं खरं. पण नव्याने १३ टाकलेल्या मशीनवर सिस्टमडीचा (मशीनवरचे प्रोग्रॅम सुरू-बंद करणारा) झाडूवाला, म्हणजे जुन्या फाईली पुसणारा भाग, तिथल्या ३० दिवसांपेक्षा जुन्या फाईली आपणहून काढतो (स्लॅश-टेंपला हीच मुदत १० दिवस). जुन्यावरून अपग्रेड केलेल्या मशीनवर हे वेगळं असू शकतं, म्हणजे तुमच्या दोन संस्थांत दोन तऱ्हा. आणि आणखी एक खड्डा आहे. वाचक सिस्टमडीची सर्व्हिस म्हणून चालत असेल आणि तिच्या सेटिंगच्या फाईलीत 'प्रायव्हेट-टेंप' (सर्व्हिसला इतरांना न दिसणारी स्वतःची टेंप जागा देणारी ओळ) चालू असेल, तर सर्व्हिस थांबताक्षणी तिने स्लॅश-टेंप आणि व्हार-टेंप दोन्हीत ठेवलेलं सगळं पुसलं जातं. म्हणजे प्रोग्रॅम कोसळला की पुरावाही त्याच्याबरोबर गेला. तुमच्या वाचकाची फाईल खिडकीला दिसते, त्याअर्थी सध्या ते बंद असावं. पण पुढेमागे कुणी सुरक्षेसाठी म्हणून ती एक ओळ घातली की तुम्ही रात्रभर शोधत बसाल.

तुमचा माल या दोन्ही जागांचा नाहीच. सर्व्हिसच्या फाईलीत 'स्टेट-डिरेक्टरी' म्हणून एक ओळ असते. तिथे नुसतं नाव द्यायचं, व्हार-लिबखाली (प्रोग्रॅमचा टिकाऊ डेटा ठेवायची जागा) त्या नावाचा फोल्डर सिस्टमडी स्वतः बनवून देतो, मालकी बरोबर लावून. सर्व्हिस थांबली तरी तो राहतो, लाईट गेली तरी राहतो, झाडूवाला तिकडे फिरकत नाही.

आता खरा मुद्दा. तुमच्या एकाच फाईलीवर दोन कामं लादली आहेत. खिडकीला 'आत्ता काय चाललंय' ते सांगणं हे एक, आणि तुम्हाला नंतर 'तेव्हा काय झालं' ते सांगणं हे दुसरं. पहिल्या कामासाठी फाईल लवकर मेली पाहिजे, दुसऱ्यासाठी तिने जगायला हवं. म्हणून तुम्ही पुसायची ओळ ठेवली तरी अडचण, काढली तरी अडचण. फाईली दोन करा. चालू.जेसन पाळी सुरू होताना पुसा. हो, सुरू होताना. बंद करताना पुसणं लाईट गेल्यावर होतच नाही. आणि दर नमुन्याला एक वेगळी फाईल तारीख आणि पाळीच्या फोल्डरात टाका, ती कुणीही पुन्हा लिहायची नाही.

तिची मुदत तुमच्या प्रोग्रॅमच्या गरजेवरून ठरवू नका. तक्रार किती उशिरा येऊ शकते त्यावरून ठरवा. बिल दहा दिवसांचं, बिल हातात पडायला आणखी काही दिवस, मग भांडण, मग तुम्हाला फोन. मी तर चाळीस दिवस धरेन. दीडशे सभासद दोन्ही वेळ आले तर दिवसाला ३०० फाईली, चाळीस दिवसांत १२,०००. फाईल एवढीशी असली तरी एक्स्ट-४ वर (डिस्कवर फाईली मांडायची लिनक्सची पद्धत) ती सहसा ४ किलोबाइटचा एक ब्लॉक अडवते. म्हणजे झाले सुमारे ४८ एमबी. लग्नाचा एक व्हिडिओ याच्यापेक्षा मोठा असतो.

आणि रोगाबद्दल माझा संशय. वाचक चालू.जेसन कसा लिहितो ते बघा. पायथनमध्ये फाईल 'डब्ल्यू' मोडमध्ये उघडली की ती आधी शून्य बाइटची होते, मजकूर नंतर पडतो. त्या फटीत खिडकीने वाचलं तर तिला काय मिळतं, आणि न मिळाल्यावर ती काय करते?

---

सचिव_दूधवाले

मी प्रोग्रॅमर नाही, संस्थेचा सचिव आहे, तालुका वेगळा. धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे वेगळंच नाटक आहे. लाईट जाऊन आली की प्रोग्रॅम म्हणतो 'आधीच चालू आहे'. मग कंपनीचा पोरगा फोनवर सांगतो अमुक फाईल डिलीट करा. पहाटे रांग लागलेली असताना मी चष्मा शोधत फाईल डिलीट करतोय. एकदा तो फोन उचलेना, सगळं दूध वहीत लिहून घेतलं. हे पण याच्यातच बसतं का?

---

जुना_युनिक्सवाला

सचिवसाहेब, याच घराण्यातलं आहे. प्रोग्रॅम सुरू होताना एक लॉक फाईल बनवतो, नीट बंद होताना पुसतो. लाईट गेली तर नीट बंद होणं आलंच कुठे. त्या पोराला सांगा, फाईल आहे की नाही हे बघण्याऐवजी तिच्यावर एफलॉक घे, म्हणजे सिस्टमकडून कुलूप लाव. प्रोग्रॅम मेला की कर्नल (सिस्टमचा गाभा) ते कुलूप आपोआप सोडतो, फाईल तिथे पडून राहिली तरी बिघडत नाही. आणि ती फाईल स्लॅश-रनमध्ये ठेव म्हणावं, ते बूटला, म्हणजे मशीन सुरू होताना, रिकामंच असतं.

---

नेहा_टेस्टर

युनिक्सवाल्या काकांशी सहमत. थोडी भर घालते.

अश्विनी, नमुन्याच्या फाईलीत वाचकाने समजून घेतलेला आकडा तर ठेवच, पण अ‍ॅनालायझरकडून सिरियल पोर्टवर आलेले कच्चे बाइटही जसेच्या तसे ठेव. उद्या दोष मशीनमध्ये आहे, केबलमध्ये आहे की वाचकात, हे फक्त त्यांच्यावरून कळेल. दुसरा फायदा असा की ते बाइट हातात असले तर ती अख्खी पाळी ऑफिसात पुन्हा चालवता येते. वाचकाला खऱ्या पोर्टऐवजी त्या फोल्डरातले बाइट पुरवायचे, त्याच वेळेच्या अंतराने. ऑफिसात चुकत नाही म्हणालीस ना? तिथे तू एकटी सावकाश नमुने लावतेस. रांगेची घाई तिथे नसते.

बाइट वेगळे, वेळ वेगळी. वेळ मिलिसेकंदापर्यंत लिही आणि वाचकाची व खिडकीची अशी दोन्हींकडची लिही. 'फाईल लिहिली' आणि 'फाईल वाचली' या दोन वेळांत काय घडलं तिथेच तुझा चोर आहे असं मलाही वाटतं.

खिडकीकडूनही पुरावा घे. तिने चालू.जेसन वाचल्यावर हातात आलेला मजकूर तिला समजला नाही, तर तो मजकूर तसाच एका वेगळ्या फाईलीत टाकून दे. रिकामा असला तरी टाक. रिकामी फाईल हाही पुरावाच.

या फाईलींत सभासदाचा फक्त नंबर जाऊ दे. नाव, बँक खातं, आधार यातलं काही नको. डीबगच्या फाईली शेवटी कुठे जातात ते आपल्याला माहीत आहे, ऑपरेटर झिप करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा राहू दे बाजूला, गावात कुणाच्या म्हशीला किती फॅट हे ग्रुपवर फिरलं तरी पुरे.

आणि ऑपरेटर डेटाबेस पाठवतो तेव्हा नुसती डीबी फाईल पाठवत नाही ना बघ. एसक्यूलाइट डब्ल्यूएएल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या फाईलीत लिहायची पद्धत) असेल तर ताज्या नोंदी शेजारच्या 'वॉल' फाईलीत असू शकतात. चालू प्रोग्रॅमची एकटी डीबी पेनड्राइव्हवर घेतली तर तुला नेमक्या शेवटच्या नोंदी दिसणार नाहीत, आणि तू भलत्याच दिशेने शोधत बसशील. कॉपी न करता एसक्यूलाइटची बॅकअपची आज्ञा वापर.

---

अश्विनी_शिराळा

मंडळी, चोर सापडला. उशिरा लिहितेय कारण बिलाची वाट बघावी लागली.

एका संस्थेत दोन्ही प्रकारच्या फाईली चालू केल्या. यावेळी तक्रार आल्यावर पहिल्यांदाच मी फोनवर 'तारीख आणि पाळी सांगा' एवढंच विचारलं. फोल्डर मागवला. ११३ ची फाईल ठीक, फॅट ३.८. ११४ ची फाईलही ठीक! वाचकाने ६.७ व्यवस्थित लिहिलेला, कच्चे बाइट जुळतात. म्हणजे मशीन आणि वाचक सुटले. आणि खिडकीच्या 'समजलं नाही' फोल्डरात एकच फाईल, सकाळी ६:५२ ची, शून्य बाइट. वाचकाने ११४ लिहायला घेतल्यानंतर दोन मिलिसेकंदांनी खिडकीने वाचलेलं.

मग खिडकीचा कोड उघडला. फाईलीची वेळ बदलली म्हणजे नवा नमुना आला असं ती धरते. वाचते. जेसन (फाईलीतल्या मजकुराचा साचा) मोडलेला निघाला तर काय करते? 'एक्सेप्ट' (चूक पकड), खाली 'पास' (काही न करता पुढे जा). बास. फॅटच्या व्हेरिएबलमध्ये आधीच्या सभासदाचा ३.८ तसाच बसलेला, तोच नव्या वजनाला लागतो. लॉगमध्ये चूक दिसणार कशी, खिडकीच्या मते चूक झालीच नव्हती.

'पास' काढलं. फॅट आता प्रत्येक सभासदाला कोरा होतो, आकडा नाही मिळाला तर पावती छापतच नाही, ऑपरेटरला लाल पट्टी दिसते. लिहिण्याचं काय करू? शून्य बाइटची फट बुजवायची आहे.

---

जुना_युनिक्सवाला

वा! ११४ वाला आता चारचौघांत म्हणू शकतो की म्हैस खरी होती.

लिहिण्याचा रिवाज असा: आधी दुसऱ्या नावाने पूर्ण लिहा, एफसिंक करा (मजकूर खरोखर डिस्कवर उतरवा), मग रिनेम करून चालू.जेसनच्या जागी आणा. रिनेम एका झटक्यात होतो. वाचणाऱ्याला एकतर अख्खी जुनी फाईल मिळते नाहीतर अख्खी नवी, मधलं काही नाही. एफसिंक तुमच्या लाईटसाठी. २००९ मध्ये एक्स्ट-४ नवीन होती तेव्हा मशीन अचानक बंद पडल्यावर लोकांच्या सेटिंगच्या फाईली शून्य बाइटच्या झाल्या होत्या, कारण मजकूर डिस्कवर उतरायच्या आत नाव बदललेलं होतं. एक्स्ट-४ चे मुख्य डेव्हलपर टेड त्सो यांनी नंतर त्यावर उपाय घातला, पण त्यांचंही म्हणणं हेच होतं की प्रोग्रॅमने एफसिंक करावं.

दोन गोष्टी सांभाळा. दुसऱ्या नावाची फाईल त्याच फोल्डरात बनवा. स्लॅश-टेंपमध्ये बनवून व्हार-लिबमध्ये आणायला गेलात तर फाइल सिस्टम दोन झाल्या, रिनेम होतच नाही. पायथनचं 'शुटिल मूव्ह' अशा वेळी गुपचूप कॉपी करतं आणि तुमची फट परत उघडते. 'ओएस रिप्लेस' वापरा, ते निदान ओरडतं.

आणि रिनेमने 'अर्धी फाईल' सुटेल, 'जुनी फाईल' सुटणार नाही. खिडकी वाचायला आली आणि नवा नमुना अजून आलाच नसेल तर तिला ११३ ची अख्खी, नीटनेटकी फाईल मिळेल. म्हणून नमुन्याचा क्रमांक फाईलीत टाका आणि खिडकीने तो ताडून बघितल्याशिवाय फॅट घ्यायचा नाही.

---

अश्विनी_शिराळा

क्रमांक टाकला. रिनेमही केला, पायथनच्या टेंपफाईलने नाव बनवून. आता खिडकी म्हणते 'परवानगी नाही'. फोल्डरची परवानगी ठीक आहे, काल याच फोल्डरातली फाईल वाचत होती.

---

जुना_युनिक्सवाला

वाचक आणि खिडकी वेगवेगळ्या युजरखाली चालतात ना? टेंपफाईलची 'एमके-एस-टेंप' फाईल मुद्दाम ०६०० परवानगीने बनवते, फक्त मालकाने वाचावी म्हणून. रिनेम केल्यावर ती परवानगी तशीच सोबत येते. रिनेमच्या आधी ०६४० (ग्रुपलाही वाचता येईल अशी) करा आणि दोघांना एका ग्रुपमध्ये घाला.

---

अश्विनी_शिराळा

झालं, चालतंय. दोन संस्थांत टाकलंय, बाकीच्यांत बिल झाल्यावर टाकेन, मधेच हात लावला तर दहा दिवसांचा हिशोब दोन तऱ्हेचा होईल. चाळीस दिवसांनी पुसायचं काम सिस्टमडीच्या झाडूवाल्याला न देता प्रोग्रॅमलाच दिलंय, फोल्डरच्या नावातली तारीख बघून. झाडूवाला फाईल शेवटची वाचली कधी हेही धरतो, आणि आमचा टारचा बॅकअप सगळं वाचत फिरतो, त्यामुळे त्याच्या लेखी काही जुनं होईलच असं नाही.

सचिवसाहेब, तुमच्या पोराला एफलॉकचं सांगितलंत का?

---

सचिव_दूधवाले

सांगितलं. बघतो म्हणाला. चष्मा टेबलावरच ठेवलाय.